एकटा वीर आणि चाळीस भालेकरी

उद्योगपर्वात युद्धाला तोंड फुटण्याआधी भीष्म दुर्योधनासमोर दोन्ही बाजूंच्या वीरांची मोजदाद करतात. हा रथी, तो अतिरथी, असं एकेकाचं मोल ठरत जातं. कर्णाची पाळी आली की भीष्म त्याला अर्धरथी म्हणून मोकळे होतात. कर्ण भडकतो, भीष्म असेपर्यंत लढणार नाही असं सांगून टाकतो, आणि कौरवांचा एक मोठा योद्धा पहिले दहा दिवस रणांगणाबाहेर राहतो. एका वीराचं बळ किती साध्या सैनिकांइतकं धरायचं, यावरून भांडणं होणं काही नवं नाही. टेबलावर मांडल्या जाणाऱ्या कल्पित सैन्यांच्या युद्धखेळांत गेली पन्नास वर्षं हेच भांडण चालू आहे. तिथे उत्तर आकड्यांत द्यावं लागतं, आणि दर काही वर्षांनी नियमांचं नवं पुस्तक येऊन ते उत्तर बदलतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबल. त्यावर बोटभर उंचीच्या, हाताने रंगवलेल्या पुतळ्यांची दोन सैन्यं. पट नाही, घरं नाहीत; चाल इंचांच्या पट्टीने मोजायची आणि वार लागला की नाही ते फाशांनी ठरवायचं. प्रत्येक पुतळ्याला पॉइंटांत किंमत असते. दोघांनी आधी ठरवायचं, आज दोन हजार पॉइंटांचा सामना, आणि तेवढ्या पॉइंटांत बसेल ते सैन्य आणायचं. साधा भालेकरी पाच-सहा पॉइंटांत येतो. ड्रॅगनवर बसलेला राजा पाचशेच्या पुढे जातो. मग त्या पाचशेंचं चीज होतं का, हा पुढचा सगळा विषय.

सुरुवातीच्या युद्धखेळांत वीर नव्हतेच. एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम दिले. त्यांत स्प्रिंगच्या तोफांतून खरोखरचे गोळे उडत, आणि हातघाईत माणसामागे माणूस बाद होई. कोणी कोणापेक्षा शूर नव्हता. वीर खऱ्या अर्थाने आला 1971 मध्ये, अमेरिकेत, ‘चेनमेल’ नावाच्या पातळशा पुस्तिकेतून. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांसाठी नियम लिहिले होते. त्यांना शेवटी एक पुरवणी जोडली होती, जादूगार, ड्रॅगन आणि वीरांची. तिथे हिशेब अगदी सरळ होता. एक ‘हीरो’ म्हणजे चार माणसं, एक ‘सुपरहीरो’ म्हणजे आठ. हीरो चार माणसांइतके फासे टाकी, आणि त्याला मारायला एकाच वेळी चार वार लागावे लागत. तीन लागले तर काहीच नाही. पुढच्या फेरीला तो पुन्हा कोरा करकरीत.

या ‘एकाच वेळी’मध्ये मोठी गंमत आहे. असा वीर झिजत नाही. तो एक तर पूर्ण शाबूत असतो किंवा मेलेला असतो. तीन वर्षांनी, 1974 मध्ये, याच मंडळींच्या वर्तुळातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं आणि तिथे जखमा साठत जाऊ लागल्या. चौथ्या पातळीच्या लढवय्याला त्या खेळात हीरो आणि आठव्या पातळीच्याला सुपरहीरो हीच पदवी होती, म्हणजे जुना हिशेब नावापुरता शिल्लक होता. पण वीर आता हळूहळू संपणारी वस्तू झाला. पुढच्या बऱ्याच युद्धखेळांनी ही साठत जाणारी जखम उचलली.

त्यांतला सगळ्यांत गाजलेला खेळ म्हणजे ‘वॉरहॅमर’. ब्रायन अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी तो 1983 मध्ये इंग्लंडात काढला. तेव्हापासून 2010 पर्यंत त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या. एकाच वीराचं नशीब नियमांबरोबर कसं पालटतं हे पाहायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही, कारण या काळात वीराच्या पत्रकावरचे आकडे फारसे हलले नाहीत. बदललं ते त्याच्याभोवतीचं जग.

ते पत्रक एकदा नीट पाहू, कारण पुढे ते लागणार आहे. साध्या माणसाचं युद्धकौशल्य 3, ताकद 3, काटकपणा 3, जखमा 1, हल्ला 1. मानवी साम्राज्याच्या एखाद्या मोठ्या सरदाराचं कौशल्य 6, ताकद 4, काटकपणा 4, जखमा 3, हल्ले 4, आणि धीर 9. त्याच्या हाती ताकद एकने वाढवणारी जादूची तलवार देऊ. अंगात पूर्ण चिलखत, ढाल, खाली चिलखती घोडा. म्हणजे शत्रूचा वार अंगाला लागायला फाशावर 1 पडावा लागेल. शिवाय एक ताईत, जो उरलेले अर्धे वार परतवतो.

आता हा सरदार भालेकऱ्यांच्या रांगेवर आदळला. त्याचे चार हल्ले, तीनात दोन लागणार, लागलेल्या सहांतल्या पाचांनी माणूस मरणार. सरासरी 2.2 मेले. उलट भालेकऱ्याचा एक वार त्याला जखमी करण्याची शक्यता किती? वार लागायची शक्यता अर्धी, लागलेला वार बाधायची एक तृतीयांश, चिलखत भेदायची एक षष्ठांश, ताईत चुकायची अर्धी. गुणाकार केला की बहात्तरात एक. जखमा तीन, म्हणजे त्याला मारायला सरासरी 216 वार लागतील. सगळा सामना मिळून इतके वार त्याच्या वाट्याला येतच नाहीत.

कागदावर हा माणूस अमर आहे. तरीही एका आवृत्तीत तो सैन्यच्या सैन्य गिळतो, दुसरीत पहिल्याच धडकेला पळून जातो आणि तिसरीत चाळीस भालेकऱ्यांत तो सामनाभर अडकून बसतो. गणित तेच, तलवार तीच.

1992 ची चौथी आवृत्ती आणि 1996 ची पाचवी यांच्या काळाला खेळाडू अजून ‘हीरोहॅमर’ म्हणतात, कोणी कौतुकाने तर कोणी दात ओठ खात. बहुतेक सैन्यांना निम्मे पॉइंट वीरांवर उधळायची मुभा होती. रांगेतल्या फौजेवर निदान एक चतुर्थांश खर्च करा, एवढंच बंधन. शिवाय जादूच्या वस्तू पत्त्यांच्या रूपात येत. लहान सरदाराला एक पत्ता, त्याच्या वरच्याला दोन, सेनापतीला तीन. मर्यादा पत्त्यांच्या संख्येवर होती. ते किती जालीम आहेत यावर नव्हती. साहजिकच प्रत्येक जण त्या गठ्ठ्यातले तीन सर्वांत जहाल पत्ते शोधू लागला.

त्या पत्त्यांत काही नमुने होते. व्हॅन हॉर्स्टमनचा आरसा घ्या. द्वंद्वात हा आरसा बाळगणारा आपले आकडे प्रतिस्पर्ध्याच्या आकड्यांशी अदलाबदल करी. म्हणजे समोर दैत्यांचा सरदार आला की किरकोळ गॉब्लिन त्याचं बळ घेऊन उभा, आणि दैत्य गॉब्लिनच्या बळाने लढतोय. दुसरा पत्ता नारच्या काळ्या रत्नाचा. तो वापरला की बाळगणारा आणि त्याचा शत्रू दोघेही काळात गोठत. लढता येत नाही, मरता येत नाही. स्वस्तातल्या सरदाराने पाचशे पॉइंटांच्या राजाला असं गोठवलं की समोरच्याचं अर्धं सैन्य टेबलावर असून नसल्यासारखं.

या काळाबद्दल एक गैरसमज रूढ आहे की तेव्हा रांगेतल्या फौजेला काही किंमतच नव्हती. नियम तसं म्हणत नव्हते. मागे उभ्या प्रत्येक रांगेचा लढाईच्या निकालात एक गुण, जास्तीत जास्त तीन, आणि निशाणाचा एक गुण तेव्हाही मिळत होता. पण तीन जहाल पत्ते आणि वर खालच्या राक्षसी जनावराचे पंजे मिळून वीर एका धडकेत पाच-सहा-सात माणसं मारत असेल, तर हे चार गुण कुठे पुरणार? आणि निम्मे पॉइंट वीरांवर गेल्यावर रांगा भरायला माणसं तरी कुठे उरणार? नियम कागदावर होता, पण तो लागू पडेल इतकी मोठी फौजच टेबलावर येत नव्हती. खेळाडू दोष वीराला देत आले. खरी गडबड खर्चाच्या मुभेत होती, असं माझं मत आहे.

सहावी आवृत्ती 2000 मध्ये आली. तिच्यामागचं मोठं नाव तुओमास पिरिनेन या फिनलंडच्या नियमकाराचं. जुनी सैन्यपुस्तकं एका फटक्यात बाद झाली आणि ‘रेव्हनिंग होर्ड्स’ नावाच्या छोट्या पुस्तिकेत सगळ्या सैन्यांच्या तात्पुरत्या याद्या दिल्या गेल्या. टक्केवारी गेली आणि जागा मोजल्या जाऊ लागल्या. दोन हजारांखालच्या सामन्यात जास्तीत जास्त तीन वीर, आणि त्यांत वरच्या दर्जाचा, म्हणजे लॉर्ड, एकही नाही. दोन ते तीन हजारांत चार वीर, त्यांत लॉर्ड एक. जादूच्या वस्तूंची मर्यादा पॉइंटांत आली: खालच्या दर्जाच्या वीराला, म्हणजे हीरोला, 50, लॉर्डला 100. एका जातीची एकच वस्तू घ्यायची. एका सैन्यात तीच वस्तू दोघांकडे नाही. नावाजलेले, कथेतले वीर आणायचे तर समोरच्याची परवानगी घ्यायची.

आणि लढाईच्या निकालात संख्याबळाचा एक गुण वाढला. वाचताना किरकोळ वाटतं. आपल्या सरदाराचं काय झालं ते पाहा. तो एकटा घोडा दौडवत आला आणि दोन भालेकरी मारले. त्याचे गुण दोन. समोर मागच्या रांगांचे तीन, निशाणाचा एक, संख्येचा एक: पाच. सरदाराला ओरखडा नाही, तरी तो तीन गुणांनी हरला. हरणाऱ्याने धीराची परीक्षा द्यायची. दोन फाशांची बेरीज धीरापेक्षा जास्त आली तर तो पळतो, आणि जितक्या गुणांनी हरला तितका धीर कमी धरायचा. त्याचा धीर 9, तीन वजा जाता 6. दोन फाशांवर सहा किंवा कमी येण्याची शक्यता 36 मध्ये 15. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा हा अमर माणूस घोडा वळवून पळत सुटणार. पळताना मागच्यांनी गाठलं तर जखमा, चिलखत, ताईत, काही बघायचं नाही. थेट मृत्यू.

मला हा नियम सगळ्यांत हुशार वाटतो. त्याने वीराची तलवार बोथट केली नाही, त्याच्या अंगचं चिलखतही काढलं नाही. एकट्याने गर्दीवर धावून जाण्यात काय धोका आहे एवढंच त्याने दाखवलं. तीच तलवार घेऊन सरदार स्वतःच्या वीस स्वारांच्या तुकडीत शिरला की चित्र पालटतं. तुकडीच्या रांगा आणि निशाण त्याच्या बाजूने मोजले जातात आणि त्याने मारलेली दोन माणसं निकाल फिरवतात. वीर सैन्याला बाजूला सारून लढणारा राहिला नाही. तो सैन्याचा शेवटचा धक्का झाला.

याच काळात द्वंद्वाच्या नियमाला एक वेगळाच उपयोग सापडला. तुकडीच्या पहिल्या रांगेत दहा-वीस पॉइंट जास्त देऊन एक नाईक उभा करता येतो. हा नाईक वीराला द्वंद्वाचं आव्हान देऊ शकतो. वीराने नाकारलं तर त्याने मागे जायचं आणि त्या फेरीत लढायचं नाही. स्वीकारलं तर त्याचे सगळे वार त्या एका नाईकावर. जादा वारांचे गुण मिळतात, पण जास्तीत जास्त पाच, आणि बाकीच्या तुकडीतला एकही माणूस मरत नाही. चारशे पॉइंटांच्या राजाची अख्खी फेरी दहा पॉइंटांच्या बिनचेहऱ्याच्या नाईकाने खाऊन टाकायची. कथेच्या दृष्टीने पाहिलं तर त्या टेबलावरचा खरा शूर हा नाईक, पण त्याची पुतळी कोणी मन लावून रंगवत नाही.

2006 ची सातवी आवृत्ती सहावीचीच डागडुजी होती. तिच्यावर थांबत नाही.

2010 ची आठवी मात्र उलथापालथ होती. तिच्यात टक्केवारी परत आली: लॉर्डांवर एक चतुर्थांशापर्यंत, हीरोंवर आणखी एक चतुर्थांशापर्यंत. बेरीज केली तर पुन्हा निम्मे पॉइंट. जुन्या खेळाडूंना वाटलं, हीरोहॅमर परत आला. आला नाही, आणि का आला नाही हे समजायला भालेकऱ्यांचे नियम वाचावे लागतात. वीरांच्या प्रकरणात त्याचं उत्तर नाही.

पहिली गोष्ट, आता मेलेल्याच्या जागी मागचा माणूस त्याच फेरीत पुढे येऊन वार करू लागला. आधी धडक मारणारा पुढची रांग कापून काढी आणि उलट वार करायला कोणी उरतच नसे. दुसरी, मागच्या आणखी एका रांगेलाही वार करता येऊ लागला; भालेकऱ्यांच्या तीन रांगा लढू लागल्या. तिसरी आणि सगळ्यांत जड: ज्या तुकडीच्या रांगा शत्रूपेक्षा जास्त आहेत ती कितीही गुणांनी हरली तरी पूर्ण धीरावर परीक्षा देणार. या नियमाचं नाव ‘स्टेडफास्ट’.

पुन्हा हिशेब मांडू. चाळीस भालेकरी, पाच-पाचच्या आठ रांगा. त्यांचा सेनापती बारा इंचांत उभा असेल तर त्याचा 9 धीर त्यांना उसना मिळतो. जवळ सैन्याचा मुख्य झेंडा असेल तर हुकलेली परीक्षा एकदा पुन्हा देता येते. 9 धीरावर नापास होण्याची शक्यता सहांत एक; दोनदा लागोपाठ नापास होण्याची छत्तीसात एक. आपला सरदार दर फेरीला दोन-तीन माणसं मारत राहील आणि ते दर फेरीला तिथेच राहतील. त्यांच्याकडून तीन रांगांचे मिळून नऊ वार त्याच्यावर येतील, म्हणजे सरासरी आठ फेऱ्यांत एक जखम. दोघांच्या सहा-सहा पाळ्यांचा सामना तिन्ही जखमा होण्याआधीच संपतो. भालेकरी त्याला मारू शकत नाहीत, तो त्यांना हलवू शकत नाही. तीनशे पॉइंटांचा माणूस दोनशे पॉइंटांच्या गर्दीत रुतून बसतो आणि लढाईचा निकाल दुसरीकडेच लागतो.

खेळाडू हुशार असतात. त्यांनी हाच रुतण्याचा गुण विकत घेतला. ‘क्राउन ऑफ कमांड’ नावाचा मुकुट घातला की बाळगणारा हट्टी होई. हरला तरी पूर्ण धीरावर परीक्षा देई. उत्तम चिलखत, ताईत आणि हा मुकुट घातलेला एक वीर शत्रूच्या सगळ्यांत मोठ्या तुकडीपुढे एकटाच खुंट्यासारखा ठोकून द्यायचा. त्याने एकही माणूस मारला नाही तरी हरकत नाही, त्याने अडवून धरावं एवढीच अपेक्षा. ज्या माणसाने 1996 साली सैन्य गिळलं असतं त्याची नेमणूक आता रस्त्यातला अडथळा म्हणून झाली होती.

जादूचा तडाखा वेगळाच. आठव्या आवृत्तीत जीवनविद्येचा एक मंत्र होता, ‘द ड्वेलर्स बिलो’. ज्या तुकडीवर तो पडे तिच्यातल्या प्रत्येकाने आपल्या ताकदीइतका किंवा कमी आकडा फाशावर टाकायचा. चुकला तो जमिनीत गडप. चिलखत नाही, ताईत नाही, जखमांची मोजणी नाही. आपल्या सरदाराची अंगची ताकद 4, म्हणजे पाच किंवा सहा पडला की संपलं. तीनात एक. 216 वारांनी जो मरत नव्हता तो एका फाशाने मरू लागला. मृत्युविद्येतला ‘पर्पल सन’ असाच, फक्त तो चपळाई बघे. दोन चपळाईच्या बुटक्या ड्वार्फांच्या अंगावरून तो जांभळा गोळा गेला की तीनांतले दोन जात. तोफांनीही दया दाखवली नाही. आधी ड्रॅगनस्वारावर गोळा आला की तो ड्रॅगनला लागला की स्वाराला हे फासा ठरवी. आता एकच गोळा दोघांनाही लागू लागला. साम्राज्याच्या आणि ड्वार्फांच्या दोन तोफा समोर असताना ड्रॅगन आणणं म्हणजे पाचशे पॉइंट हवेत सोडणं. त्या वर्षांत बरेच ड्रॅगन कपाटातच राहिले.

वीराला मारणं किती अवघड आहे, यापेक्षा तो कशाने मरतो याला जास्त महत्त्व आहे असं मला वाटतं. पळताना मरणारा वीर खेळाडूच्या चुकीने मरतो. त्याला एकटं पाठवलं कोणी? मंत्राने गडप होणारा वीर कोणाच्याच चुकीने मरत नाही. सहाव्या आवृत्तीची आठवण खेळाडू अजून मायेने काढतात आणि आठवीवरून अजून वाद घालतात, त्याचं एक कारण इथे असावं.

मग 2014 मध्ये ‘एंड टाइम्स’ नावाच्या जाडजूड ग्रंथांची मालिका सुरू झाली. कथेत वॉरहॅमरचं जुनं जग संपणार होतं. पहिला ग्रंथ मृतांचा सम्राट नागाश याच्यावर, आणि त्याच्याबरोबर नागाशची प्रचंड मोठी नवी पुतळी. तिला जागा हवी म्हणून नियम वाकला: लॉर्डांवर निम्मे, हीरोंवर निम्मे पॉइंट. म्हणजे मनात आणलं तर सबंध सैन्य वीरांचंच. पुतळी आधी आणि नियम नंतर, अशी शंका या धंद्यात नेहमीच घेतली जाते. इथे ती घ्यायला फार हुशारी लागत नाही.

2015 मध्ये ते जग खरोखरच संपलं आणि ‘एज ऑफ सिग्मार’ आलं. चार पानांचे नियम, पॉइंट नाहीत, रांगा नाहीत. वीराच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा बदल असा की ताकद विरुद्ध काटकपणा हा तक्ताच गेला. प्रत्येक हत्याराला ठरलेला आकडा. समोर गॉब्लिन असो वा ड्रॅगन, तोच. गॉब्लिनचा भाला ड्रॅगनला तितक्याच सहज बाधू लागला जितका दुसऱ्या गॉब्लिनला. मोठ्या जिवाचं मोठेपण आता फक्त जखमांच्या संख्येत उरलं. दुसरीकडे वीराला तुकडीत शिरून लपता येईना; तो वेगळाच उभा. मग 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीत जवळच्या तुकडीच्या आडोशाला असलेल्या वीरावर नेम धरणं थोडं कठीण केलं गेलं, कारण बाणांच्या वर्षावात वीर टिकत नव्हते. सहाव्या आवृत्तीतला वीर निकालाला भ्यायचा, हा धनुष्याला.

या सगळ्या खटाटोपाच्या बाजूला, वॉरहॅमर काढणाऱ्याच कंपनीत, एक वेगळं उत्तर 2001 पासून शांतपणे चालू होतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला चित्रपट आला तेव्हा रिक प्रीस्टली आणि अलेसिओ कावातोरे यांनी त्यावर युद्धखेळ लिहिला. टॉल्किनच्या कथेत वीर दुबळे करून चालणार नाही. अरागॉर्न अरागॉर्नसारखाच लढला पाहिजे. म्हणून त्यांनी वीराला एक शिदोरी दिली: माइट, विल आणि फेट. माइटचा एक गुण खर्च केला की फाशाचा आकडा एकने वाढतो, किंवा वेळेआधी चाल करता येते. विल मंत्रांसाठी. फेट खर्च करून लागलेली जखम चुकवता येते, फासा साथ देईल तर. आणि एकदा संपलं की संपलं.

यातून वीर पुन्हा झिजू लागला, पण वेगळ्या अर्थाने. तो पहिल्या तीन चकमकींत अद्भुत असतो आणि नंतर फक्त एक चांगला तलवारबाज उरतो. कधी उधळायचं हे खेळाडूने ठरवायचं. बोरोमिरचं पत्रक पाहिलं की नियम लिहिणाऱ्यांना कथा किती कळली होती ते दिसतं: माइट 6, विल 1, फेट 0. पराक्रम सर्वांपेक्षा जास्त, मोहापुढे मन कच्चं, आणि नशिबात काहीच नाही. तीन आकड्यांत अख्खं पात्र. वॉरहॅमरच्या कोणत्याही आवृत्तीत इतकं नेटकं पत्रक माझ्या पाहण्यात नाही. शिवाय इथे घेरला गेलेला, मागे सरायला जागा नसलेला वीर हरला की त्याच्यावर दुप्पट वार येतात. गर्दीला गर्दीची किंमत मिळते.

2018 च्या आवृत्तीत याला आणखी एक पेच घातला गेला. वीराच्या दर्जाप्रमाणे त्याच्या हाताखाली माणसं: सर्वांत वरच्याला 18, त्याखाली 15, मग 12, किरकोळ सरदाराला 6. सैनिक हवे असतील तर आधी त्यांना नेणारा वीर विकत घ्यायचा. वीरांवर किती टक्के खर्च करू द्यायचा, हा वॉरहॅमरला छळणारा प्रश्नच इथे बराचसा निकालात निघाला, कारण वीर आणि फौज एकमेकांच्या वाट्याचे पॉइंट खाणारे प्रतिस्पर्धी राहिले नाहीत.

आणि जानेवारी 2024 मध्ये जुनं जग परत आलं, ‘वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने. चौकोनी तळाच्या पुतळ्या, रांगा, निशाणं, सगळं. वीरांची मर्यादा? पुन्हा निम्मे पॉइंट. पण या वेळी लढाई हरल्यावर पळणं इतकं सरसकट नाही. परीक्षेत फासे मूळ धीराच्या वर गेले की माणूस बेभान पळतो. फासे धीरात बसले पण हरलेल्या गुणांमुळे बेरीज वर गेली, तर तो सहसा शिस्तीत मागे हटतो. तेही नसेल तर थोडा सरकतो. आपल्या सरदाराकडे पुन्हा पाहा: धीर 9, तीन गुणांनी हरलेला. सहाव्या आवृत्तीत तो निम्म्याहून जास्त वेळा पळत होता. इथे फासे मूळ धीराच्या वर जाण्याची शक्यता सहांत एकच. एरवी तो बहुधा थोडा मागे जातो, घोडा सावरतो आणि पुन्हा चालून येतो. 2000 सालच्या नियमाने एकट्या वीराला जी भीती घातली होती तिचा बराच भाग असा निघून गेला.

दुसरा बदल ड्रॅगनचा. आता स्वार आणि ड्रॅगन यांचा काटकपणा आणि जखमा एकत्र मिळवून एकच आकडा होतो. गोळा कोणाला लागला हा प्रश्न उरत नाही, दोघांना वेगवेगळं मारायची सोय उरत नाही, आणि स्वाराचं चिलखत ड्रॅगनच्याही कामी येतं. परिणाम पहिल्याच वर्षी स्पर्धांच्या टेबलांवर दिसला: ज्या सैन्याला ड्रॅगन मिळतो त्याचा सेनापती ड्रॅगनवर. कपाटातली जनावरं धूळ झटकून बाहेर आली आणि त्यांच्याबरोबर हीरोहॅमरच्या नावाने बोटं मोडणंही.

या नव्या हिशेबात वेळ वाचतो हे मान्य. पण सहाव्या ते आठव्या आवृत्तीपर्यंत असं होई की एखाद्या नशीबवान बाणाने स्वार मरे आणि ड्रॅगन जिवंत राही. मग फासे टाकून पाहायचं, बिनधन्याचं हे जनावर आता काय करतंय: तिथेच ठाण मांडून बसतंय, की पिसाळून समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडतंय. तीनशे पॉइंटांचं ते जनावर पुढच्या पाळीला कुठे असेल हे दोघा खेळाडूंपैकी कोणालाच सांगता येत नसे. नव्या नियमांत स्वार आणि ड्रॅगन एकाच फाशाला मरतात.